उसना आवाज

'तरुणांना आवाज मिळवून दिला' हे वाक्य हल्ली संस्थांच्या अहवालांतून आणि उद्घाटनाच्या भाषणांतून इतक्या वेळा आढळते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. वस्तुतः आवाज प्रत्येकास असतोच. जन्माला येताच मूल पहिल्याने जे करते ते रडणे, आणि त्यासाठी त्यास कोणाची मंजुरी लागत नाही. तेव्हा जे दिले जाते ते आवाज नव्हे, तर आवाज दूरवर पोहोचविण्याचे साधन होय. साधन देणारा ते कधी कायमचे देतो, कधी उसने देतो. आपल्या घरांतून पूर्वी भांड्यांवर नावे घालण्याची पद्धत होती. लग्नकार्यात शेजारून आणलेले पातेले कितीही दिवस आपल्या चुलीवर चढो, त्याच्या काठावरील नाव शेजाऱ्याचेच राही, आणि ते वापरताना आपला हात थोडा जपूनच चाले. तरुणांसाठी चालविलेल्या नभोवाणी केंद्राचा विचार करताना आम्हांस या पातेल्याची आठवण होते. ध्वनिक्षेपक तरुणाच्या हाती असतो, परवान्यावर नाव दुसऱ्याचे असते. अशा साधनातून निघालेला शब्द कोणाचा मानावा? आणि तो चुकला तर त्याचे उत्तर कोणी द्यावे?

ज्या शहरात राहून आम्ही हे लिहीत आहोत, त्या शहरास हा प्रश्न नवा नाही. १६ मे १९२४ रोजी सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी या अभियंत्याच्या पुढाकाराने येथे मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी ३१ जुलैपासून त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. सारा हौशी मंडळींचा उद्योग होता. पैसा त्यांचा, यंत्र त्यांचे, बोलणे त्यांचे. म्हणजे भांड्यावर नाव त्यांचेच. पण स्वतःच्या नावाचे भांडे सांभाळण्यास खर्चही स्वतःलाच करावा लागतो. १९२७ च्या ऑक्टोबरात पैशाअभावी क्लब बंद पडला आणि यंत्रसामग्री महानगरपालिकेकडे गेली. १ एप्रिल १९३० पासून महानगरपालिकेने आपले प्रसारण सुरू केले. सायंकाळी संगीत असे, शाळांसाठी पाठ असत, आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांच्यासाठी मरीनाच्या किनाऱ्यावर ध्वनिवर्धक लावलेले असत. पुढे १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे केंद्र सुरू झाले आणि नगराची नभोवाणी सरकारची झाली. चौदा वर्षांत एकाच साधनावर तीन नावे पडली, आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या हाताची ढब बदलली. तिन्ही वेळी ऐकणारे लोक बव्हंशी तेच होते, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

वडिलधाऱ्यांनी लहानांच्या कानांची काळजी घ्यावी, या भूमिकेचे आपल्या देशातील सर्वांत निष्ठावान प्रतिनिधी एक महाराष्ट्रीयच होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटसंगीताने रुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या कारकीर्दीत ते संगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले, आणि शास्त्रीय संगीतास जे स्थान मिळाले ते त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते. परिणाम काय झाला, तर देशातील तरुण मंडळी यंत्राचा काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे गेली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. केसकरांची थट्टा करणे सोपे आहे, ती पुष्कळांनी केली आहे. आम्हांस ती करवत नाही. आपल्याला जे उत्तम वाटते ते दुसऱ्याच्या कानी पडावे ही इच्छा वाईट नव्हे. मात्र ऐकणाऱ्यास काटा फिरविण्याचे स्वातंत्र्य असते, एवढे त्या इच्छेने गृहीत धरले नव्हते. १९६९ साली दिल्ली केंद्रावरून 'युववाणी' सुरू झाली तेव्हा सरकारने एक पाऊल पुढे टाकले. तरुणांनी केवळ ऐकावे असे नव्हे, तर त्यांनी बोलावेही, असे ठरले. बोलावे, पण आपल्या घरात; हे अर्थात अध्याहृत होते.

त्यानंतरचे पाऊल पडण्यास बराच काळ गेला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. पुढे शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रे चालविण्यास मुभा मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या हस्ते येथील अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफ. एम.' या केंद्राचे उद्घाटन झाले. ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलणारे, विद्यार्थ्यांच्या हातांनी चालणारे, देशातील या प्रकारचे ते पहिले केंद्र. १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. आपल्याकडे म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारखी केंद्रे त्यातूनच निघाली. अशा केंद्राची शक्ती साधारणतः शंभर वॅट, प्रक्षेपणस्तंभाची उंची तीस मीटरच्या आत, म्हणजे आवाज शहराच्या एका कोपऱ्यापुरता. निम्मे तरी कार्यक्रम त्या परिसरात, तेथील लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, असा दंडक आहे. प्रसारित झालेले सर्व ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. आणि बातम्या व चालू घडामोडी सांगावयाच्या नाहीत.

या शेवटच्या अटीपाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, तसेच पाणी व वीज यांविषयी स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या सूचना यांना नियम 'बातमी' मानीत नाही. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईस पाणी पुरविणारे पुळल, चेंबरंबाक्कम, पूंडी आणि चोळवरम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. घागरींच्या रांगा आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गल्ल्या आपल्यापैकी जे तेव्हा येथे होते त्यांना आठवत असतील. सरकारी वसाहतींनाही त्या उन्हाळ्याने वगळले नव्हते. अशा वेळी विशीतल्या एखाद्या मुलीने ध्वनिक्षेपकापुढे बसून 'अमुक गल्लीत अमुक वाजता पाणी येईल' असे सांगितले, तर ती सूचना झाली. ते का आले नाही, असे तिने विचारले, तर ती चालू घडामोड झाली. 'का' हा शब्द तारुण्यास जितका स्वाभाविक तितका दुसरा कोणता असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि नेमका तोच ओलांडून तिने पुढचे गाणे लावावयाचे आहे.

येथे वाचकांच्या मनात जे आले असेल ते आमच्याही मनात आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नववा नियम आपणां सर्वांस ठाऊक आहे. सरकारच्या चालू वा नजीकच्या धोरणावर प्रतिकूल टीका होईल असे विधान कर्मचाऱ्याने नभोवाणीवरून करू नये, लेखातूनही करू नये. तेव्हा ही अट योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे काम आमचे नव्हे, आणि आम्ही ते करीतही नाही. आम्हांस कुतूहल आहे ते साम्याचे. नियमाने आखलेल्या रेषेच्या आत राहून बोलणे म्हणजे काय, हे त्या मुलीपेक्षा आपण अधिक वर्षे अनुभवीत आहोत. आपल्या कचेरीच्या भाषेकडेच पाहावे. 'कळविण्यात येते', 'निदर्शनास आणून देण्यात येते', 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी'. वाक्य आहे, क्रिया आहे, कर्ता मात्र कोठे नाही. बोलणे आहे आणि बोलणारा नाही. हीच भाषा एखाद्या कोवळ्या, उत्साही कंठातून ऐकू आली म्हणजे मन थोडे चरकते.

पण आपल्या अनुभवाने आपणांस आणखी एक गोष्ट शिकविली आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. नियमाचे कुंपण जेथे असते तेथे माणूस क्वचितच थांबतो. तो त्याच्या पुष्कळ अलीकडे आपले स्वतःचे दुसरे कुंपण घालतो. नियम सांगतो, टीका करू नये. आम्ही ठरवितो, मतच नसावे. वर्तणूक नियमांनी कथा लिहिण्यास कधी मनाई केली नाही. तरी 'उगाच कशाला' म्हणून वहीत राहिलेल्या कथा आपल्या वसाहतींतून किती असतील! तरुणांच्या नभोवाणीचेही तसेच आहे. बातमीस मनाई आहे. पण आजीने घागरी कशा मोजल्या, रात्री दोनला उठून मोटर लावणाऱ्या मुलाचा अभ्यास कसा झाला, तलावांत पूर्वी पाणी कसे येई आणि त्या वाटा कोठे गेल्या, हे विचारण्यास कोणता नियम आड येतो? अण्णा विद्यापीठाच्या केंद्राने आसपासच्या वस्त्यांतील स्त्रियांना आरोग्याविषयी बोलते केले, ते याच मोकळ्या जागेत. ही जागा पुष्कळ मोठी आहे. परवानाधारकाची भीती तिला लहान करते. नियम तयार असतो, त्याचा जास्तीत जास्त आकुंचित अर्थ लावणारे आपल्यासारखेच कोणीतरी असतात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सुटलेला शब्द परत घेता येत नाही, आणि नभोवाणीवरून सुटलेला तर मुळीच नाही. २०१५ च्या डिसेंबरात हे शहर पुरात बुडाले असताना मगरींच्या उद्यानातून मगरी सुटून वस्त्यांत शिरल्याची आवई उठली होती. तिचे जाहीर खंडन करावे लागले. अशा प्रसंगी अननुभवी हाती ध्वनिक्षेपक असणे धोक्याचे, असे कोणी म्हटले तर ते खोटे म्हणता येणार नाही. मात्र ती आवई वाहिली ती भ्रमणध्वनींवरून. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात एक प्रक्षेपण केंद्र आहे. त्यास परवाना नाही, तीन महिने काही जपून ठेवण्याचे बंधन नाही, आणि पुष्कळदा बोलणाऱ्यास नावही नाही. उलट ज्या खोलीत बोलणाऱ्याचे नाव नोंदलेले असते, शब्द मुद्रित होतो आणि त्याविषयी कोणी विचारण्यास येऊ शकतो, तेथेच आपण बोलण्याची किल्ली फिरवून ठेवतो. जबाबदारी शिकण्याची जागा बंद, आणि बेजबाबदारीचे मैदान अष्टौप्रहर खुले, असा हा प्रकार आहे. शिवाय भ्रमणध्वनीवर माणूस आपले म्हणणे पटणाऱ्यांशीच बहुधा बोलतो. नभोवाणी चहाच्या टपरीवर लागलेली असते, शेजारणीच्या स्वयंपाकघरात लागलेली असते. ज्याने आपल्याला निवडलेले नाही अशा माणसाशी बोलण्याची मर्यादा तेथे पाळावी लागते, आणि ती विशीतच अंगी बाणली तर बाणते.

पैशाच्या अडचणी सर्वच संस्थांना असतात, त्यांविषयी लिहीत नाही. एक अडचण मात्र खास या केंद्रांची आहे. दोन-तीन वर्षांत मुले पदवी घेऊन जातात. ज्या मुलाने वस्तीतल्या बायकांचा संकोच सहा महिने खपून घालविला, तो जूनमध्ये बंगळूरला नोकरीस लागतो, आणि नव्या मुलास पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. आपणां बदलीवर फिरणाऱ्यांस हे समजावून सांगावयास नको. कार्यभार सोपविताना आपण किल्ल्या देतो, नस्त्या मोजून देतो, साठ्याच्या नोंदवहीवर सही घेतो. पण कोणत्या गावचा कोणता माणूस कोणत्या प्रश्नाला खरे उत्तर देतो, हे कोणत्याच नोंदवहीत लिहिलेले नसते. म्हणूनच केंद्रे चालविणारे जाणते लोक सगळा भरवसा एका हुशार मुलावर न ठेवता वस्तीतल्याच कोणास तरी बोलावयास शिकवितात. त्या बाईची बदली होत नाही.

राहता राहिला तो उत्तराचा प्रश्न. परवानाधारकाने तरुणांचे प्रत्येक लिखित आधी पाहून, खोडून, मग बोलू द्यावे, हा सुरक्षित मार्ग. आपल्या मंडळांतून गणेशोत्सवात युवक विभागास एक संध्याकाळ देतात आणि तिची संहिता आठ दिवस आधी कार्यकारिणीपुढे मागतात, तोच हा मार्ग. त्यात चूक होत नाही. पण जे बोलले ते ज्याचे त्याचे राहत नाही. आणि जे आपले नाही त्याबद्दल कोणासही लाज वाटत नाही किंवा अभिमानही वाटत नाही. उसन्या पातेल्यात रांधलेले अन्न तरी रांधणाऱ्याचे असावे लागते. तेव्हा ज्यास तरुणांचे केंद्र चालवावयाचे आहे त्याने त्यांच्या काही चुकांचा बोल आपल्या नावावर घेण्याची तयारी ठेवावी, असे आमचे मत आहे. ती तयारी नसेल त्याने गाण्यांचे केंद्र काढावे. तोही चांगला व्यवसाय आहे.

समजा, उद्या एखाद्या कार्यक्रमाविषयी खुलासा मागविणारे पत्र आले. मुद्रण जपलेले असल्यामुळे काय बोलले गेले याविषयी वाद होणार नाही. अशा वेळी संचालकाने उत्तर स्वतः लिहून पाठवू नये आणि मुलास घरीही पाठवू नये. ज्याने कार्यक्रम केला त्यास समोर बसवून ते मुद्रण दोघांनी ऐकावे. उत्तराचा पहिला मसुदा त्या मुलाने करावा, आणि त्यात 'करण्यात आले' असे न लिहिता 'मी केले' असे लिहावे. संचालकाने तो तपासून खाली आपली सही करावी. मग पत्र, मसुदा आणि उत्तर एकाच नस्तीत लावून ती नस्ती केंद्राच्या खोलीत, पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवावी. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्या स्वाधीन करू नये.