खरी नक्कल

बँकेत दुसऱ्याची सही हुबेहूब काढणारा गजाआड जातो. चित्रशाळेत दुसऱ्याचं चित्र हुबेहूब उतरवणारा शाबासकी मिळवतो! मग नक्कल पाप की पुण्य?

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवलं. त्याच अजिंठ्यात १८७२ पासून ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली जे. जे. स्कूलची पोरं भिंतींवरचे चेहरे तैलरंगांत गिरवीत बसली. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. त्यांना चोर कोण म्हणेल? कशावरून काढलं, हे काही त्यांनी लपवलं नव्हतं.

पाप नकलेत नसतं, लपवण्यात असतं. म्हणून तर आम्ही कारकून शिक्का मारतो: ‘खरी नक्कल’. वाचकहो, अस्सल होणं नशिबाचा भाग. खरी नक्कल होणं तरी आपल्या हातात आहे!