दुसऱ्याच्या दुःखाची शाळा

एक सरळ प्रश्न विचारतो. दुसऱ्याच्या दुःखावर आपण स्वतःचं शिक्षण करावं का? आणि केलंच, तर त्याची फी कुणाच्या हातात पडायला हवी?

प्रश्न हवेतला नाही. जगात अशा शाळा आहेत. त्यातली एक मी बरेच दिवस समजून घेतो आहे. तिचं नाव डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल, म्हणजे शिष्यत्वाची शाळा. चालवणारी संस्था 'यूथ विथ अ मिशन'. लोक तिला वायवॅम म्हणतात. लॉरेन कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन तरुणाने ती १९६० साली काढली. २०२३ साली तो वारला. त्याची गोष्ट संस्थेची माणसं अशी सांगतात : १९५६ साली हा विशीतला पोरगा बहामा बेटांवर असताना त्याच्या डोळ्यांपुढे जगाचा नकाशा उभा राहिला. नकाशावर लाटा उसळत होत्या. त्या खंडाखंडांवर चढल्या आणि बघता बघता त्यांची माणसं झाली. सगळी तरुण. रस्त्यारस्त्यात उभी राहून येशूची सुवार्ता सांगणारी.

१९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात एक लाट आली होती. ती कुणाला दृष्टान्तात दिसली नव्हती. ती भाकरी बांधून, रेल्वेने, बैलगाडीने, पायी धूळ तुडवत आली होती. तिला कुणाचा उद्धार करायचा नव्हता. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. एकाच सालातल्या या दोन लाटा. मी दोन्ही शेजारी ठेवून बघतो.

आधी शाळा कशी चालते ते नीट बघू. न बघता शिव्या देणं आपल्याला शोभत नाही.

शाळा साधारण पाच-सहा महिन्यांची. पहिले तीनेक महिने वर्ग. हवाई बेटांवरच्या कोना गावात या संस्थेचं मोठं विद्यापीठ आहे, १९७८ साली निघालेलं. पण असे वर्ग जगात ठिकठिकाणी भरतात. सकाळी एकांतात प्रार्थना आणि वाचन. मग व्याख्यान. बहुधा दर आठवड्याला नवा वक्ता, नवा विषय : देवाचा स्वभाव, देवाचा आवाज कसा ऐकावा, क्षमा, पाप, नातीगोती. दुपारी काम वाटून दिलेलं. भांडी घासणं, स्वयंपाकघर, बाग, संडास धुणं. या सगळ्यासाठी विद्यार्थी स्वतः पैसे भरतो. कोनासारख्या ठिकाणी काही हजार डॉलर. शिकवणाऱ्यांना पगार नाही. ते आपापल्या चर्चकडून, मित्रांकडून वर्गणी उभी करून जगतात.

मग दोन-तीन महिने बाहेर. त्याला ते आउटरीच म्हणतात. आपण फेरी म्हणू. दहा-पंधरा जणांची तुकडी दुसऱ्या देशात जाते. चौकात मुकनाट्य करते, पोरांचे खेळ घेते, भिंती रंगवते, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते, गल्लीगल्लीतून प्रार्थना करत चालते. मग परत. निरोपाचा कार्यक्रम. शाळा पुरी.

यात चांगलं काय आहे ते आधी कबूल करू. शिस्त आहे. अठरा-वीस वर्षांची पोरं पाच महिने घर सोडतात, भांडी घासतात, गाठचे पैसे घालतात. आपल्याकडे कार्यकर्ता घडवण्याची एवढी पद्धतशीर सोय आज कुठे आहे? त्याकडे शेवटी येतो.

आता झाडूपाशी थांबतो.

संडास धुण्याचं काम त्या पोराला कशासाठी? गर्व गळावा म्हणून. चार महिने त्याने संडास धुतला की त्याचा आत्मा उजळला असं धरतात. माझ्या आजाने जन्मभर नगरपालिकेचा झाडू मारला. त्याचा आत्मा उजळला असं कुणी म्हणालं नाही. त्याला पाणी वरून ओतलं. झाडू तोच, मैला तोच. फरक एवढाच की एकाने झाडू उचलला आणि दुसऱ्याच्या हातात तो जन्माआधीच दिलेला होता. एकाचा झाडू पाच महिन्यांनी खाली ठेवता येतो. नम्र व्हायला आधी ताठ मान असावी लागते. ज्याची मान जन्मतःच वाकवलेली, त्याने झाडू मारून कुठला सद्गुण कमवायचा?

ही गोष्ट फक्त गोऱ्या पोरांची नाही. साबरमतीच्या आश्रमातही उंच जातीची माणसं संडास साफ करत होती आणि त्याला सेवा म्हणत होती. बाबासाहेबांनी या गौरवाला साफ नकार दिला. भंग्याच्या कामाला पवित्र म्हणणं म्हणजे भंग्याला त्याच कामात गाडून ठेवणं. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारात उतरून माणसं मरतातच. मरतात ती कुठल्या जातीची, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं : स्वतः निवडलेलं कष्ट वाईट नाही. पण ते लादलेल्या कष्टाच्या जवळ नेतं, हा भ्रम आहे. संडास धुणाऱ्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. हे काम रोज कोण करतं, आणि त्याला ते सोडता का येत नाही? हा प्रश्न विचारला तर शाळा खरी. नाही विचारला तर तो आंघोळीसारखा प्रकार. अंग स्वच्छ झालं, पाणी मोरीतून गेलं.

आता फेरीकडे. या तुकड्या भारतातही येतात. आपल्यासारख्या वस्त्यांत येतात. ती पोरं वाईट नसतात. हसतात, लहान लेकरांना कडेवर घेतात, रडतातसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा गरिबी बघतात. घरी जाऊन सांगतात की या प्रवासाने आम्ही बदललो. आणि ते खरं असतं. बदलतातच.

पण बदलली ती. वस्ती होती तिथेच. तिला नळ नव्हता, अजून नाही. पट्टा नव्हता, अजून नाही. तिच्या लेकरांना परक्या भाषेतलं एक गाणं येतं, आणि एका परक्या घराच्या भिंतीवर त्यांचा फोटो लागतो. विद्यार्थ्याने फी भरली ती शाळेला. धडा दिला वस्तीने. मास्तरकी वस्तीने केली आणि पगार तिला मिळाला नाही. माझी खरी हरकत इथे आहे. कुणी धर्म सांगितला ही माझी हरकत नाही. माणसाचं दुःख दुसऱ्या माणसाच्या आत्म्याचं पाठ्यपुस्तक झालं, ही हरकत आहे. बुद्धाने माणसाला मध्यभागी ठेवलं. इथे मध्यभागी फेरीवाल्याचं मन आहे, आणि भोवती आपण, देखाव्यासारखे.

याचं टोक बघायचं तर २०१८ साल बघा. जॉन ॲलन चाऊ नावाचा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला. तिथल्या लोकांनी बाहेरच्यांना आपलं बेट बंद केलेलं आहे. सरकारनेही जायला बंदी केलेली आहे. बाहेरचा साधा सर्दी-खोकलासुद्धा त्यांचा जीव घेऊ शकतो. हा तयारी करून गेला होता. अमेरिकेतल्या एका मिशनरी शिबिरात नकली खेडं उभारून, माणसं रानटी बनून त्याच्या अंगावर धावून येत, असा सराव त्याने केला होता. बेटावर तो मारला गेला. त्याच्या धाडसावर जगभर लिहून आलं. पण त्याला पैसे घेऊन होडीने पोचवणारे मच्छीमार पोलिसांनी पकडले. त्यांच्या बायकापोरांवर कुणी काय लिहिलं? हाक एकाला आली, तुरुंगात दुसरे गेले. देवाची हाक असो की क्रांतीची, ती ऐकणाऱ्याने आधी बघावं की तिचं बिल कुणाच्या नावावर फाटतं.

मग मिशनरी सगळे सारखे का? नाहीत. आपला इतिहासच तसं म्हणू देत नाही.

१८१२ साली अमेरिकेतून पहिले मिशनरी जहाजाने निघाले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे कंपनी सरकारच्या हद्दपारीच्या हुकमाला तोंड देत १८१३ साली मुंबईत पोचले. १८२७ साली सिंथिया फॅरार आल्या. लग्न न झालेली एकटी बाई. आधी मुंबईत आणि मग त्या वेळच्या अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. पस्तीसेक वर्षं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण या फॅरारबाईंकडे घेतलं असं आपला इतिहास सांगतो. खुद्द जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मग या दोघांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचंच पत्र.

बघा काय झालं ते. फॅरारबाई आल्या होत्या ख्रिस्त सांगायला. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण त्यांच्या हातात शाळा आली. त्यांच्या हातून ती मुक्ताच्या हातात लेखणी होऊन गेली. देणाऱ्याच्या मनात काय होतं याला मी फार किंमत देत नाही. घेणाऱ्याच्या हातात काय उरलं, आणि ते देणाऱ्याच्या परवानगीशिवाय वापरता आलं की नाही, एवढंच मी मोजतो. आणि असं काही द्यायला वेळ लागतो. तीन महिन्यांत लेखणी देता येत नाही. तीन महिन्यांत फुगा देता येतो.

तरीही बाबासाहेबांनी मिशनला मोकळं सोडलं नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्या दारात आले. ख्रिस्ती मिशनवर त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दवाखाने काढले, शाळा काढल्या, त्यांचा फायदा बराचसा सवर्णांनीच घेतला. आणि अस्पृश्याला शिकवलं काय? तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्या पापात आहे. भोवतालच्या समाजरचनेत आहे असं शिकवलं नाही. अशा शिकवणीने लढायची उमेदच जाते.

शिष्यत्वाच्या शाळेला हे आजही लागू पडतं. तिथे मनाची मशागत होते, जमिनीचा सातबारा कुणी उघडत नाही. क्षमा शिकवतात, पण कुणी कुणाला करायची हे विचारत नाहीत. जाळणाऱ्याने माफी मागायच्या आधी जळालेल्याने माफ करायचं, हा कुठला न्याय?

पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. ही टीका आपली आहे. ती उचलून दुसरा कुणी काठी करू पाहील तर त्याच्या हातातून ती काढून घ्या. ग्रॅहम स्टेन्स १९६५ साली ऑस्ट्रेलियातून ओडिशात आले आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांमध्ये राहिले. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरला झुंडीने त्यांना आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपेत जिवंत जाळलं. त्या झुंडीला गरिबाच्या सन्मानाची काळजी नव्हती. गुलाम मालकाचं घर सोडून जातो, याचा तिला राग होता. धर्म बदलायचा हक्क आपण नागपुरात बजावलेला आहे. तो दलित ख्रिश्चनालाही आहे. आणि त्याची किंमत तोच मोजतो. १९५० च्या आदेशाने त्याच्या सवलती गेल्या. शिखांना त्या १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाल्या, त्याला अजून नाहीत. फेरीवाला विमानाने परत जातो. बाप्तिस्मा घेतलेला गावातच राहतो. झुंड येते ती त्याच्या दारात.

आता आपलं.

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. त्यानंतर गाड्या आल्या, सत्यशोधन समित्या आल्या, अहवाल निघाले, महाराष्ट्रभर पोरं रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या. ते सगळं हवंच होतं. पण भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले, तेव्हा त्यांचा न्याय अजून वरच्या कोर्टात अडकलेला होता. दहा वर्षं. दर अत्याचारानंतर हेच होतं. पहिल्या आठवड्यात गावात उभं राहायला जागा नसते. तिसऱ्या वर्षी साक्षीदाराबरोबर तालुक्याच्या कोर्टात जायला माणूस नसतो. सकाळच्या एस.टी.ने जाऊन फोटो काढून संध्याकाळच्या एस.टी.ने परतणं, ही फेरीच झाली. निळा झेंडा लावला म्हणून तिचं नाव बदलत नाही.

बाबासाहेबांना हे कळत होतं. त्यांनीही शाळा काढली होती. साल तेच, १९५६. जुलैत मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा त्यांनी सुरू केली. डिसेंबरात ते गेले. त्यांच्यामागे ती शाळा फार टिकली नाही. बहामाच्या लाटेची शाळा जगभर झाली. आपली शाळा आपल्याला एक-दोन वर्षंही चालवता आली नाही. याचं उत्तर वायवॅमकडे मागायचं नाही.

बुद्धाने पहिल्या साठ भिक्खूंना पाठवलं तेव्हा दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका असं बजावलं. लोकांच्या हितासाठी जा, असं सांगितलं. स्वतःच्या शिक्षणासाठी जा असं सांगितलं नाही. त्यांचं शिक्षण आधी झालेलं होतं.

तेव्हा दोस्तांनो, शिबिरं घ्या, वस्तीत जा, गावात जा, जमलं तर परदेशातही जा. पण जिथे जाल तिथल्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगा. मी किती दिवस राहणार. मी गेल्यावर तुझ्या हातात काय उरणार. आणि मार पडायची वेळ आली तर मी कुठे असणार. तिसऱ्याचं उत्तर तोंडातून निघत नसेल, तर गाडीत बसू नका.

जयभीम.