फलत्याग आणि नोंदवहीतला आकडा

कर्मफळाची आसक्ती सोडावी असे गीता सांगते, आणि बनवलेल्या वस्तूने आपले काम केलेच पाहिजे असे अभियांत्रिकी सांगते. ही दोन्ही विधाने एकाच माणसाला एकाच वेळी मनापासून मान्य करता येतील काय, हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटतो. परंतु दोन्ही परंपरा जेथे एकाच गावात शेजारी नांदतात तेथे तो टाळता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे असे गाव आहे. श्री संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय तेथे १९८३ पासून चालते, आणि त्याच गावात महाराजांच्या संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येऊन, कसलाही मोबदला न घेता, झाडण्यापासून पंगत वाढण्यापर्यंतची कामे करतात. या संस्थानाच्या कारभाराला ज्यांनी शिस्त लावली त्या शिवशंकरभाऊ पाटलांना (निधन ४ ऑगस्ट २०२१) लोक कर्मयोगी म्हणत आले, यातच त्या गावाने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे, असे म्हणता येईल. ते पुरेसे आहे का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्म का करावे, आणि ज्ञान झाल्यावरही ते का सोडू नये, याचे विवेचन विस्ताराने आले आहे. दासगणू महाराजांच्या ‘गजानन विजय’ या पोथीत टिळक आणि गजानन महाराज यांच्या संबंधाची कथा येत असल्यामुळे शेगावच्या भाविकाला तो ग्रंथ, न वाचताही, परका वाटत नाही. तथापि केलेले कर्म जमले की फसले हे कर्त्याने कशावरून ओळखावे, हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची गाठ नेमकी त्याच्याशी पडते. प्रारंभिक अभिकल्प-अभ्यासक्रम, म्हणजे गरज ओळखणे, उपाय योजणे, नमुना बनवणे आणि तो तपासून पुन्हा बनवणे ही साखळी हाताने करून शिकवणारा अभ्यासक्रम, याच कारणाने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकालाही लक्षात घेण्याजोगा आहे.

उदाहरण त्याच मातीतले घेता येईल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. बुलढाण्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांना त्याची झळ लागते आणि तेथील भूजलात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोठे असते. अशा भागातील विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला ‘पाणी शुद्ध करण्याचे साधन बनवा’ असे सांगितले, तर तो गट बहुधा तुरटी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांची गाळणी बनवील. गढूळ पाणी वरून ओतले की खालून नितळ पाणी येईल आणि गट समाधान पावेल. परंतु त्या नितळ पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण, बुडवले की आकडा जवळपास होता तेथेच राहिलेला दिसतो, कारण वाळू गाळ अडवते, विरघळलेले मीठ अडवत नाही, आणि तुरटीने तर क्षारात किंचित भरच पडते. पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. डोळ्यांनी दिलेली साक्ष येथे खोटी ठरलेली नाही, कारण पाणी खरोखरच नितळ झाले आहे; ती साक्ष भलत्याच प्रश्नाची होती, इतकेच.

ज्ञानाच्या खरेपणाची खात्री कशी पटते, यावर भारतीय दर्शनांत फार जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, म्हणजे ते उत्पन्न होताच खरे मानावे आणि बाधक पुरावा समोर आला तरच सोडावे. यास स्वतःप्रामाण्यवाद म्हणतात. नैयायिकांचा पक्ष परतःप्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्याच्याबाहेरच्या गोष्टीवरून ठरतो असा आहे, आणि ती बाहेरची गोष्ट म्हणजे प्रवृत्तिसामर्थ्य, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल होणे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा प्रारंभच या विचाराने होतो. पुढच्या ग्रंथकारांनी वारंवार घेतलेला दाखलाही पाण्याचाच आहे: दूर पाणी दिसले, मनुष्य तेथे गेला, तहान भागली तर ते ज्ञान खरे, न भागली तर ते मृगजळ. बारावीपर्यंत शब्दप्रमाणावर, अर्थात पाठ्यपुस्तकावर आणि शिकवणीच्या वर्गावर, वाढलेला विद्यार्थी स्वभावाने मीमांसक असतो, आणि कार्यशाळेत त्याला काही आठवड्यांतच नैयायिक व्हावे लागते. हा बदल कोणत्याही व्याख्यानाने होत नाही, हे अध्यापकांनी मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

मात्र न्यायदर्शनाची कसोटी जशीच्या तशी घेतली तर खारपाणपट्ट्यातील गाळणी तिच्यातून सुटून जाते. ते पाणी प्यायल्याने त्या क्षणी तहान भागते, प्रवृत्ती सफल होते. अपाय होणार असेल तर तो दीर्घकाळाने दिसतो. सफलता कोणत्या फळाच्या संदर्भात मोजावयाची हे कृतीच्या आधीच ठरलेले नसेल, तर मिळेल त्या फळाला सफलता म्हणण्याची सोय कर्त्याला राहते. अभिकल्पाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच टप्प्यावर ‘पाणी स्वच्छ झाले पाहिजे’ असे मोघम वाक्य खोडून ‘क्षार अमुक आकड्याच्या आत आले पाहिजेत’ असे लिहावयास लावतात, ती केवळ कार्यालयीन शिस्त नसून प्रमाणशास्त्रातील ही फट बुजवण्याची युक्ती आहे. अभियांत्रिकीकडून तत्त्वज्ञानाने काही उसने घ्यावयाचे असेल तर प्रथम हे घ्यावे.

समजा, तोच गट पुढे सौर ऊर्ध्वपातनाकडे वळला. या पद्धतीत तिरप्या काचेखालच्या काळ्या तबकातील खारे पाणी उन्हाने वाफ होऊन काचेवर साकळते व क्षार मागे ठेवून पन्हळीत उतरते. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे २० मेगाज्यूल उष्णता पडते आणि एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.३ मेगाज्यूल लागते, म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी पावणेनऊ लिटरांच्या वर पाणी मिळणार नाही. साध्या बनावटीच्या यंत्रातून प्रत्यक्षात तीन-चार लिटर मिळतात. गटाला मात्र एकच लिटर मिळाले. येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विवेचन अनपेक्षितपणे उपयोगी पडते. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे लागतात असे तेथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा घेतला आहे. कर्म ज्याच्या आधारावर घडते ते, असा तो थोडा रुंद केला तर यंत्र कोठे मांडले हा प्रश्न त्यात येतो, आणि दुपारी तीननंतर त्यावर कडुलिंबाची सावली पडत होती हे ध्यानात येते. काचेचा उतार कमी असल्याने थेंब पन्हळीपर्यंत न पोहोचता तबकातच गळत होते, हा साधनाचा दोष. बोटभराऐवजी वीतभर पाणी भरल्याने ते तापायलाच दुपार उलटली, हा क्रियेचा. कडेचे सांधे नीट न भरणारा कर्ताही आहेच. हे सगळे पाहून झाल्यावर जे उरते, समजा अवेळी आलेले ढग, ते दैवाच्या वाट्याचे.

आपल्याकडे सामान्यतः हा क्रम उलटा चालतो. दैवापासून आरंभ होतो आणि तेथेच तपास संपतो. शंकराचार्यांनी या ठिकाणी दैवाचा अर्थ इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा केला आहे, म्हणजे भाष्यपरंपरेतही हे पद नशिबाच्या नावाने हात झटकण्यासाठी आलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच ठिकाणी गीता असे बजावते की पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. वेदान्त्याला यातून आत्म्याचे अकर्तृत्व सिद्ध करावयाचे असते. कार्यशाळेतील विद्यार्थ्याला यातून निराळी पण खोटी नसलेली गोष्ट मिळते: ‘सगळे मीच केले’ हा गर्व आणि ‘मला काहीच जमत नाही’ ही खंत या दोन्हींत चूक एकच आहे, पाचांतील चार कारणांकडे पाठ फिरवण्याची.

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. फळाचा त्याग म्हणजे फळाकडे न पाहणे असा अर्थ घेतला, तर वर वर्णिलेला एकही शोध लागणार नाही, आणि असा निष्काम अभियंता समाजाला सकाम अभियंत्यापेक्षा अधिक धोक्याचा ठरेल. म्हणून फळाच्या दोन भूमिका वेगळ्या केल्या पाहिजेत. फळ हे कर्त्याला मिळणारे बक्षीस असते, आणि तेच फळ कर्म कसे झाले याचा साक्षीदारही असते. त्याग बक्षिसाचा करावयाचा आहे, साक्षीदाराला हाकलून द्यावयाचे नाही. शेगावचा सेवेकरी मोबदला घेत नाही, परंतु पंगतीत कोणी उपाशी उठला का याकडे त्याचे लक्ष असते, आणि तेथील स्वच्छतेचा लौकिक बक्षिसाशिवायही परिणाम काटेकोरपणे तपासला जातो याचे द्योतक आहे. सेवाभाव पुरेसा आहे का, या प्रश्नाचे उत्तर यावरून असे निघते की, परिणामाची तपासणी त्यात अंतर्भूत असेल तरच तो पुरेसा आहे. ‘भाव शुद्ध होता’ एवढ्यावर यंत्रातले पाणी गोड होत नाही.

ही भूमिका मान्य केल्यास महाराष्ट्रातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुकाट्याने चालू असलेल्या एका प्रघाताचा निवाडा निराळ्या रीतीने करावा लागतो. सबमिशनच्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या नोंदवहीतील निरीक्षणे उतरवून काढणे, किंवा उत्तर आधी ठरवून त्यास जुळतील असे आकडे मागाहून भरणे, याकडे आजवर शिस्तभंग म्हणून, अथवा पोरवयाचा खोडसाळपणा म्हणून पाहिले गेले. वास्तविक फलासक्तीचे याहून निव्वळ रूप सापडणे कठीण आहे, कारण येथे कर्म पूर्णपणे गळून पडले आहे आणि उरला आहे तो फक्त गुणांचा लोभ. बक्षीस ठेवून घेऊन साक्षीदाराचा खून करावा तसा हा प्रकार आहे. आणि यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. चालणाऱ्या नमुन्याला पैकीच्या पैकी आणि न चालणाऱ्याला नापास, अशी गुणपद्धती ठेवणारा परीक्षक त्या लोभाला खतपाणी घालत असतो. एक लिटर पाण्याची खरी नोंद आणि तिच्यामागील कारणांचा तपास यांस तीन लिटरच्या बनावट आकड्यापेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत, आणि ते देण्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; परीक्षकाने नोंदवही उघडून वाचली तरी पुरे.