दोनाचं बदक

दोनाचा आकडा काढायचा, त्याला चोच आणि डोळा जोडायचा, की झालं बदक. बालवाडीपासून घरोघरी चालणारी ही युक्ती. मूल खूश, पालक खूश. चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तेच मूल तलावाकाठी उभं केलं, तरी कागदावर दोनच काढतं.

लहान मुलांची चित्रं ‘चुकतात’, हे काही नवं नाही. कोंबडीला चार पाय, गाईचं अंग बाजूने तर तोंड समोरून. फ्रेंच अभ्यासक झॉर्झ-आंरी ल्युके यांनी १९२७ च्या पुस्तकात याची उकल केली: मूल दिसतं ते नव्हे, ठाऊक असतं ते काढतं. म्हणून तर गाभण गाईच्या पोटातलं वासरूही चित्रात येतं. पण हे वासरू आणि ते बदक एका मापाने मोजता येत नाहीत. वासराची चूक मुलाच्या स्वतःच्या कमाईची, बदकाची उसनी. पहिली वयाबरोबर सुटते, दुसरी मुरते.

मग मुलांना शिकवूच नका, आतून येईल ते येऊ द्या, असं व्हिएन्नात १८९७ साली मुलांचा कलावर्ग सुरू करणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांच्या वळणाची माणसं म्हणतील. उसन्या नमुन्यांवरचा त्यांचा राग रास्तच. पण आजच्या मुलाच्या ‘आत’ कार्टूनमधला ससा आधीच बसलेला असतो, त्याचं काय? न शिकवलं तर तोच बाहेर येणार.

अर्थात, उसनेपणा ही काही पोरांचीच मिरासदारी नाही. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०२ साली रंगवलेला ससा पाहावा: मिशीचा केस न् केस वेगळा, डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब. त्याच हाताने १५१५ मध्ये गेंडा काढला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला हा गेंडा त्या वर्षी जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररपर्यंत पोहोचलं ते कुणाचं तरी रेखाटन आणि वर्णन. त्याने जनावराला चिलखत चढवलं, वर खांद्यापाशी एक जादा शिंगही बसवलं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच!

तेव्हा मुलांसमोर खरं जनावर हवं. शेळी सोपी, गावात कुठेही सापडते. पण शेळी म्हणजे वस्तुचित्राच्या तासाला मांडलेला तांब्या नव्हे. कागदाकडे मान वळवेपर्यंत तिने मान वळवलेली असते. म्हणजे समोर बघून काढलेली शेळीसुद्धा निम्मी आठवणीतलीच! मग पेन्सिल वर्गातच का ठेवू नये? गोठ्यात फक्त प्रश्न न्यावेत. कान शिंगांच्या वर की खाली? डोळ्यातली बाहुली उभी की आडवी? बसताना आधी कुठले पाय मोडते?

निरीक्षणाची बाजू घेता घेता गाडी अशी स्मरणचित्रापाशी येऊन थांबते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधला हा विषय पाठ केलेल्या ‘बाजारा’ने आणि ‘जत्रे’ने बदनाम केला. दोष त्या पाठांतराचा, स्मरणाचा नव्हे. गोठ्यातून थेट वर्गात येऊन काढलेलं स्मरणचित्र ही वेगळीच गोष्ट.

सहा वर्षांच्या मुलाने शेळीचे दोन्ही डोळे एकाच गालावर काढले, तर बाईंनी खोडू नयेत. बाहुल्या आडव्या आहेत का, तेवढं बघावं. नसतील तर पोराला पुन्हा गोठ्यात धाडावं.