बातमी कोणत्या बंदराला लागते

2023-24 च्या हिवाळ्यात नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना येमेनचा नकाशा उघडून पाहावा लागला. 19 नोव्हेंबर 2023 रोजी हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडायला सुरुवात केली. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून युरोपला निघालेली जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे चढले. द्राक्षे मात्र थांबत नाहीत.

अरब जगाचे राजकारण नवी मुंबईच्या दारात येण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. न्हावा-शेवाचे पहिले खासगी टर्मिनल 1999 मध्ये सुरू झाले, ते ‘पी अँड ओ’ या ब्रिटिश कंपनीचे. 2006 मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या ‘डीपी वर्ल्ड’ने ही कंपनीच विकत घेतली. त्याच व्यवहारात अमेरिकेतली टर्मिनलेही दुबईकडे जाणार होती. तिथे वर्तमानपत्रांत आणि संसदेत एवढा गदारोळ उठला, की कंपनीला ती विकून टाकावी लागली. न्हावा-शेवाचे टर्मिनल दुबईकडेच राहिले. उरण तालुक्यातल्या कामगाराची पाळी आणि आखाती राजघराण्याचा निर्णय यांच्यात तेव्हापासून फारसे अंतर उरलेले नाही.

अंतर उरले आहे ते माहितीचे. येमेनमध्ये 2015 साली हुथींनी पकडलेल्या चार पत्रकारांना एप्रिल 2020 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. एप्रिल 2023 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले, आणि त्याच वर्षी जहाजांवर हल्ले सुरू झाले. जो देश आतून कसा चालतो हे सांगणारे लोक आठ वर्षे कोठडीत होते, त्या देशाची ओळख जगाला क्षेपणास्त्रांच्या बातम्यांमधूनच व्हावी, यात नवल नाही. माहितीचे हेच अंतर कतारमध्येही दिसले. तिथे भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट 2022 मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी मृत्युदंड सुनावला गेला, आणि 12 फेब्रुवारी 2024 रोजी त्यांतले सात जण सुटून मायदेशी परतले. त्यांच्यावर आरोप कोणते होते, हे कतारने अधिकृतपणे कधीच जाहीर केले नाही. आखातात नोकरीला असलेला माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

याच कतारने अरब जगाला सगळ्यात धीट वृत्तवाहिनी दिली, हे कोडे नीट समजून घेण्यासारखे आहे. एप्रिल 1996 मध्ये सौदी भागीदाराशी बिनसल्यामुळे बीबीसीची अरबी दूरचित्रवाहिनी बंद पडली. तिथले बरेच पत्रकार दोह्याला गेले आणि 1 नोव्हेंबर 1996 रोजी ‘अल जझीरा’ सुरू झाली. अरबी भाषेत राज्यकर्त्यांवर उघड वाद घालता येतो, हे घराघरांत पहिल्यांदाच दिसले. डिसेंबर 2010 मध्ये ट्युनिशियात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. लोकांनी मोबाइलवर टिपलेली निदर्शनांची दृश्ये या वाहिनीने देशोदेशी पोहोचवली, आणि महिनाभरात तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अली यांना देश सोडावा लागला. शेजाऱ्यांनी तिचा धसका घेतला तो उगाच नाही. जून 2017 मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची कोंडी केली, तेव्हा त्यांच्या 13 मागण्यांमध्ये ‘अल जझीरा बंद करा’ ही एक होती. दुबईच्या जेबेल अलीमार्गे कतारला जाणारा माल अडला आणि न्हावा-शेवाहून दोह्याच्या हमद बंदराकडे थेट जहाजसेवा सुरू झाली. एका वाहिनीचे भांडण असे उरणच्या धक्क्यापर्यंत पोहोचले.

पण कतारचेच कवी मोहम्मद अल-अजमी यांनी ट्युनिशियाच्या उठावाला सलाम करणारी कविता लिहिली, तेव्हा 2012 मध्ये कतारच्याच न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. पुढे ती 15 वर्षांवर आली आणि 2016 मध्ये माफी मिळाली. ज्या उठावाचे चित्रण दोह्याहून जगभर गेले, त्यावरची कविता दोह्यात गुन्हा ठरली. शेजाऱ्याच्या अंगणातली बातमी देण्याचे स्वातंत्र्य राज्यकर्त्याला परवडते, कारण ते परराष्ट्र धोरणाचे हत्यार होते. स्वतःच्या उंबरठ्याआतली बातमी देता येते का, खरी कसोटी तिथे आहे.

आणि ती कसोटी मराठी मुलखालाही चुकलेली नाही. 2018 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणारच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी ‘सौदी अराम्को’ आणि अबू धाबीच्या ‘अ‍ॅडनॉक’शी करार झाले. वार्षिक क्षमता ठरली होती 6 कोटी टन. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला सौदी पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली. नाणारला विरोध झाला, 2019 मध्ये तिथले भूसंपादन रद्द झाले आणि प्रकल्पाची चर्चा बारसूच्या कातळसड्यावर गेली. 6 फेब्रुवारी 2023 रोजी सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयी शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली. दुपारी राजापूरजवळ एका गाडीने त्यांना चिरडले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी पुढे खुनाचे कलम लावले.

‘तिकडे माध्यमांची गळचेपी होते’ असे म्हणून महाराष्ट्राला त्यामुळे मोकळे होता येत नाही. नवी मुंबई तर भूसंपादनावरच उभी आहे. 1984 च्या जानेवारीत जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलून प्राण दिले. बंदर, विमानतळ, खाडीतला भराव, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, या प्रत्येक गोष्टीची पहिली बातमी तालुक्याचा वार्ताहरच आणतो, बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि पाठीशी वकील नसताना. बेलापूर-नेरूळ-पनवेलच्या वाचकांनी त्याचा अंक विकत घ्यावा, बातमीखालचे त्याचे नाव वाचावे, आणि त्या बातमीपायी त्याला धमकी आली तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे.