पाणी समितीवरचा आपला माणूस कोणी निवडावा?



गावच्या पाणी समितीवर आपल्या वस्तीचा सभासद असावा, याविषयी आता कोणी उघड वाद घालीत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या सूचनांत १० ते १५ जणांची समिती सांगितली आहे. निम्म्या स्त्रिया, पाव हिश्श्यापर्यंत पंचायतीचे सभासद, आणि उरलेल्या पाव हिश्श्यात दुर्बल घटकांचे प्रतिनिधी, लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे जागा मिळाली. परंतु त्या जागेवर बसणारा ठरवितो कोण?

बहुधा असे घडते. ग्रामसभेत एक वजनदार गृहस्थ आपल्या वस्तीतले एक नाव घेतात, दुसरे अनुमोदन देतात, आणि 'एकमताने मंजूर' अशी नोंद होते. ज्याचे नाव घेतले तो त्याच गृहस्थांच्या शेतावर राबत असतो, किंवा मुलीच्या लग्नाला त्यांच्याकडूनच उसने घेतलेले असते. उन्हाळ्यात नळाच्या टोकाला असलेल्या वस्तीचे पाणी आधी तुटते. त्या वेळी "वरचा व्हॉल्व्ह दोन तास जास्त का उघडा राहिला?" हे विचारण्याची त्याची छाती होईल काय?

महाडचा इतिहास आठवा. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी परमपूज्य बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तळ्यावर जाईपर्यंत आपल्या ओंजळीत थेंब पडला नाही. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! १९३२ साली बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघासाठी झगडले, त्यामागेही हाच प्रश्न होता. राखीव जागा असून निवडणारे हात दुसऱ्यांचे असतील, तर निवडून येणारा कोणाला जबाबदार राहील?

माणूस कसा असावा, याचे उत्तर विनयात आहे. चुल्लवग्गात संघाच्या भोजनाची वाटणी ठरविणारा भिक्खू कसा नेमावा ते सांगितले आहे. तो छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी जाणारा नसावा. म्हणजे आवडीने, द्वेषाने, अज्ञानाने वा भीतीने वाट सोडणारा नसावा. आणि काय वाटले, काय वाटायचे राहिले, हे त्याला ठाऊक असावे. (अशा वेळी आम्हा मास्तर लोकांचे नाव हमखास पुढे येते, अक्षर चांगले म्हणून. या पाच गुणांत अक्षर कोठेच नाही.) काय राहिले हे तर हंडा वाहणाऱ्या बाईलाच पक्के माहीत असते. मग तिला केवळ निम्म्या जागा भरण्यापुरते का बोलवावे?

नेमणुकीची रीतही पाहण्यासारखी आहे. आधी त्या भिक्खूला विचारावे, मग प्रस्ताव संघापुढे ठेवावा. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्याला नसेल त्याने बोलावे. पण येथे सावध राहिले पाहिजे. संघातील मौन हे संमतीचे मौन, कारण तेथे कोणाची रोजी कोणाच्या हाती नव्हती. ग्रामसभेतील आपले मौन पुष्कळदा चौथ्या दोषाचे, भयाचे असते. त्याला संमती मानणे हा अन्याय आहे. विनयात शलाका गुप्तपणे घेण्याचीही पद्धत सांगितली आहे, हे विसरू नये.

कोणी म्हणतील, वस्तीने वेगळे बसून नाव ठरविले तर गावात फूट पडेल. मग कालव्याचे पाहा. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले. वरच्या बाजूचा बागायतदार टोकाच्या शेतकऱ्याची अडचण मांडणार नाही, हे सरकारनेच मान्य केले. त्याला कोणी फूट म्हटले नाही. (भूमिहीनाला तेथे स्थान नाही, कारण सभासदत्व जमिनीवर आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

समितीवर अखेरचे शिक्कामोर्तब ग्रामसभाच करील, आणि तसेच असावे. परंतु तिच्या आधी आठ दिवस विहारात सर्व स्त्री-पुरुषांनी बसावे. भावकी आणि पक्ष बाहेर ठेवावेत, हे आपल्यातही सोपे नाही. ज्यांची नावे सुचतील त्यांना आधी विचारावे. मग चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दोन रंगांचे खडे पुरतात. ठरलेले नाव सर्वांच्या सह्या-अंगठ्यांनिशी ग्रामपंचायतीकडे द्यावे आणि पोच घ्यावी.