उंचावलेला हात आणि संग्राहकाची निरपेक्षता

भित्तिपत्रक टिकण्यासाठी निर्माण होत नाही. स्पर्धेची तारीख उलटली की त्याचे कार्य संपते. ते पावसात भिजते, त्यावर दुसरे चिकटवले जाते. संग्राहक अशा कागदाला नाशातून सोडवतो, मागे कापड लावून सपाट करतो, चौकटीत बसवतो. या क्रियेत एका आवाहनाची वस्तू होते. जे पूर्वी 'या' म्हणत होते ते आता केवळ 'पाहा' म्हणते, असे संग्राहक गृहीत धरतो. जुन्या क्रीडा-भित्तिपत्रकांच्या संग्रहाचा नैतिक प्रश्न या गृहीतकातच दडलेला आहे.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी झाँ द्रवा याने काढलेल्या भित्तिपत्रकात अर्धनग्न खेळाडू हात उंचावून ऑलिंपिक अभिवादन करतात. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी लुडविग होल्वाइन याने रंगवलेल्या स्कीपटूचाही हात उंचावलेला आहे. ही स्पर्धा नाझी राजवटीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे भरली होती, आणि होल्वाइन १९३३ मध्येच नाझी पक्षाचा सभासद झालेला होता. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता म्हणेल की हा तपशील चित्राबाहेरचा आहे. परंतु ज्या रस्त्यांवर हे भित्तिपत्रक लागले त्याच रस्त्यांवर तसेच हात रोज उंचावत होते. दुसरा अर्थ पाहणाऱ्याला चित्राबाहेर शोधावा लागत नव्हता. परदेशी पाहुण्याने त्यात खेळ पाहावा, स्वदेशीयाने निष्ठा पाहावी, अशी ही सोय होती. अनेकार्थतेला काव्यगुण मानणाऱ्या समीक्षेने येथे क्षणभर थबकायला हरकत नाही. शिवाय नंतरच्या इतिहासाने आधीचे चिन्हही मलिन केले: द्रवाचे निरागस खेळाडूही आज निरागसपणे पाहता येत नाहीत.

वस्तूला उपयुक्ततेच्या वेठीतून मुक्त करणारा म्हणून संग्राहकाचा गौरव वाल्टर बेन्यामिनने केला, आणि फॅसिझम राजकारणाला सौंदर्यरूप देतो हा इशाराही त्यानेच दिला. होल्वाइनच्या स्कीपटूसमोर ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात. कारण या चित्राची उपयुक्तताच त्याच्या सौंदर्यात होती. एकीतून सोडवलेली वस्तू दुसऱ्यासह जशीच्या तशी हाती येते. तेव्हा असे भित्तिपत्रक जवळ बाळगू नये, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. नष्ट केलेल्या कागदावरून कोणालाच काही वाचता येत नाही. आक्षेप आहे तो त्याचे साल आणि स्थळ केवळ किंमत ठरवण्यापुरते सांगण्याला.

संग्राहकाची निरपेक्षता किती नाजूक असते हे हान्स झाक्स याच्या बाबतीत दिसले. बर्लिनमधील या ज्यू दंतवैद्याने सुमारे १२,५०० भित्तिपत्रके जमवली होती. 'दास प्लाकाट' हे नियतकालिक त्याने १९१० पासून चालवले, आणि होल्वाइनच्या पिढीला कलावंत म्हणून मान मिळवून देण्यात त्या नियतकालिकाचा मोठा वाटा होता. १९३८ मध्ये राजवटीने हा संग्रह जप्त केला. झाक्सला छळछावणीत डांबले गेले, आणि सुटल्यावर तो अमेरिकेला गेला. संग्रह नष्ट झाला असे मानून १९६१ मध्ये त्याने भरपाई स्वीकारली. पुढे त्यातील भित्तिपत्रके पूर्व बर्लिनमध्ये असल्याचे आढळले. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा त्यांतील एकही त्याच्या हाती आलेले नव्हते. २०१२ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याच्या मुलाचा हक्क मान्य केला. चार हजारांहून अधिक भित्तिपत्रके परत मिळाली, आणि २०१३ पासून न्यूयॉर्कमध्ये ती लिलावात निघून निरनिराळ्या संग्राहकांकडे गेली.